केंटे, कांगा आणि चिरेखाण : गुहागरच्या एका क्रोशे-शूटचं प्रकरण

मेसेज एका ओळीचा होता. 'आफ्रिकन स्टाईल क्रोशे कलेक्शन आहे, समुद्रावर शूट करायचंय, कोलॅब कराल का?' पाठवणारी गुहागरची एक सून. कलेक्शन तिच्या सासूबाईंचं. त्यांना सगळे काकूच म्हणतात, म्हणून इथेही काकूच म्हणते. बाकी नावं मुद्दाम देत नाही. काकू साठीच्या आसपासच्या, आयुष्यभर तोरणं, रुमाल, बाळंतविडे विणत आलेल्या. सुनेने मोबाईलवर घाना-मालीच्या कापडांचे फोटो दाखवले, काकूंनी चष्मा पुसून ते मोठे करून पाहिले, आणि पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा बसून एकेक कपडा उतरवला. फोटोग्राफर पुण्यात काम करणारा, मूळ चिपळूणचा. मॉडेल चिपळूणच्या कॉलेजातली मुलगी, आधी दोन-तीन साड्यांच्या दुकानांसाठी उभी राहिलेली. माझ्याकडे स्टायलिंग, जागा, वेळापत्रक आणि कागदपत्रं. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, फोटो सगळ्यांनी वापरायचे, असं ठरलेलं.

अशी शूट्स किनाऱ्यावर आता वरचेवर होतात, आणि बहुतेकांचे फोटो एकाच साच्यातले निघतात: मॉडेल, लाट, उडणारी ओढणी. हे त्यातून निसटलं ते एकाच कारणाने. कॅमेरा बाहेर काढण्याआधी प्रत्येक कपडा कुठल्या कापडावरून आला आहे हे आम्ही ठरवून घेतलं. जागा, वेळ, उजेड, फोटोखालची ओळ, सगळं पुढे त्यावरून ठरत गेलं. त्यात वेळ गेला, कुरबुरी झाल्या, एक कपडा बाद झाला.

पडवीतली झडती

काकूंच्या पडवीत चटईवर सगळे कपडे मांडले. पहिला लांब झगा: पिवळा, हिरवा, लाल, काळा, चौकटी-चौकटींचा. हा उघडच केंट्यावरून घेतलेला. केंटे घानातल्या असांते आणि एवे लोकांचं. अरुंद मागावर हाताच्या पंज्याएवढ्या, साधारण १० सेंटिमीटर रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या विणतात आणि मग कडेला कड लावून शिवून मोठं वस्त्र करतात. कुमासीजवळचं बोनविरे हे गाव त्यासाठी ओळखलं जातं. इथल्या नक्षींना स्वतःची नावं असतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंटे विणण्याचं कसब अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

काकूंनी हा झगा आधी गोल विणायला घेतला होता. दोन रंगांचे दोरे, एकाने मुका खांब (क्रोशातला आखूड टाका) घालायचा, दुसरा आतून वाहता ठेवायचा, रंग बदलायचा तिथे दोऱ्यांची अदलाबदल. पद्धत बरोबर होती, पण गोल विणताना मुका खांब दर फेरीला किंचित उजवीकडे सरकतो. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की सरळ उभी रेघ वादळात सापडलेल्या माडासारखी कलते. केंट्याचा सगळा जीव त्या सरळ रेघांत आणि काटकोनांत. काकूंनी अर्ध्यावर उसवलं. मग पट्ट्या सपाट विणल्या, ओळ संपली की काम उलटं करून परतीची ओळ. जाता-येता कल एकमेकांना खातो आणि रेघ सरळ राहते. दहा सेंटिमीटरच्या पट्ट्या झाल्या, त्या शेजारी-शेजारी जोडल्या. काकूंना बोनविरेतला माग ठाऊक नव्हता. दोऱ्याच्या अडचणीने त्यांना तिथल्याच रचनेवर नेऊन सोडलं. सुनेच्या मते जोड लपवायला हवे होते. मी म्हटलं, शूटमध्ये हे जोडच दिसले पाहिजेत.

दुसरा कपडा गडद तपकिरी आणि सायीच्या रंगाचं जाकीट, जाळीच्या क्रोशातलं. हे मालीतल्या बोगोलानवरून. बामाना लोकांचं हे चिखलाने रंगवलेलं कापड. जाडंभरडं सुती कापड आधी पानांच्या काढ्यात बुडवतात, ते पिवळसर होतं. मग बरेच दिवस मुरवलेला नदीचा चिखल त्यावर चढवतात. पानांतलं टॅनिन आणि चिखलातलं लोह यांची गाठ पडून रंग काळपट-तपकिरी बसतो. यातली गंमत म्हणजे रंगवतात ती भोवतालची जागा. नक्षी कोरी सुटते. जाळीच्या क्रोशात घर, म्हणजे जाळीतला एकेक चौकोन, भरायचं किंवा मोकळं सोडायचं, एवढाच खेळ असतो. त्यामुळे हा जोड नैसर्गिक बसला होता.

तिसरं होतं एक मोठं आयताकृती वस्त्र, मध्ये सुती कापड आणि भोवती चारही बाजूंनी रुंद विणलेली किनार. हे कांगा, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं. त्याच्याबद्दल पुढे लिहिते, कारण शूटचा सगळ्यात चांगला फोटो त्याचाच आहे.

चौथा घागरा, पुन्हा पट्ट्यांचा. खालच्या पट्टीवर मान मागे वळवलेला पक्षी. सांकोफा. घानातल्या आदिंक्रा चिन्हांपैकी एक, मागे राहिलेलं परत जाऊन आणावं अशा अर्थाचं. ही चिन्हं मुळात भोपळ्याच्या कवचावर कोरलेल्या ठशांनी, झाडाच्या सालीच्या काळ्या रंगात कापडावर उठवली जायची, आणि ते कापड दुखवट्याच्या प्रसंगी नेसत.

पाचवा स्वेटर. रंगीत, कोनाकोनांच्या नक्षीचा, दिसायला सगळ्यांत देखणा. तो मी बाजूला ठेवला. सुनेने ज्या फोटोवरून तो काढून दिला होता, ती कुठल्या गावची परंपरागत नक्षी नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या लादुमा न्क्षोकोलो या डिझायनरच्या माखोसा ब्रँडचा तो स्वेटर होता. खोसा समाजातली मुलं दीक्षाविधी करून आली की नवे कपडे घालतात, त्यात स्वेटर असतो. ते स्वेटर परदेशी घाटाचे का, असा विचार करून या माणसाने कॉलेजात असताना खोसा मणीकामावरून स्वतःच्या नक्षी बांधल्या. २०१८ मध्ये त्यांच्या नक्षीसारखे मोजे एका जागतिक दुकानसाखळीत विकायला आले, त्यांनी जाहीर तक्रार केली, आणि साखळीने मोजे मागे घेतले. समाजाची पिढीजात रचना आणि हयात माणसाने आखलेली नक्षी यांत फरक करायलाच हवा. पहिलीकडून शिकता येतं, नाव घेता येतं. दुसरी उचलली तर ती नक्कल. सून हिरमुसली. काकू शांतपणे म्हणाल्या, "अगो, माझ्या गारव्याला होईल तो," आणि स्वेटर फडताळात गेला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. क्रोशे हे आफ्रिकेचं जुनं पारंपरिक काम नाही. ते १९व्या शतकात युरोपात बहरलं आणि मिशनऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या हातून जगभर गेलं. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरची क्रोशे-लेस तशीच आली. म्हणून या कपड्यांना 'आफ्रिकन क्रोशे' म्हणणं चूक. क्रोशे काकूंचं, रचना त्या-त्या कापडाची. फोटोखालच्या ओळी आम्ही याच हिशेबाने लिहिल्या.

जंजिऱ्याचा आग्रह

फोटोग्राफरदादाची पहिली सूचना होती मुरुड-जंजिरा. "सिद्दी आफ्रिकेतून आले ना? मग त्याहून परफेक्ट काय?" वरवर बिनतोड वाटतं. मी विरोध केला, आणि तो अजूनही मला बरोबर वाटतो.

व्यवहाराची बाजू आधी. गुहागरहून मुरुड म्हणजे अर्धा दिवस प्रवासात. राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात जायचं, नाववाल्याने दिलेल्या वेळेत परत यायचं. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतला. स्टँड, दिवे, मॉडेल घेऊन जायचं तर आधी रीतसर परवानगी. पर्यटकांच्या झुंबडीत कपडे बदलायला आडोसा नाही.

पण ही कारणं नसती तरी मी नको म्हटलं असतं. सिद्द्यांना आपण हबशी म्हणत आलो ते हबसाण, म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपियाचा मुलूख, यावरून. निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर तिकडचाच, १६२६ मध्ये वारला. केंटे आणि बोगोलान हे खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला, पश्चिम आफ्रिकेत. मधे हजारो किलोमीटर आणि कितीतरी भाषा. घानाचं कापड घालून सिद्दीच्या किल्ल्यात उभं राहिलं, तर 'काळी माणसं ती काळी माणसं' एवढाच अर्थ उरतो. दुसरं म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी कुणाच्या फॅशनची पार्श्वभूमी नव्हते. ते आरमार बाळगून होते, मराठ्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही त्यांचा किल्ला पडला नाही, आणि संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत त्यांचंच होतं. त्यांच्यावर करायचंच तर वेगळं काम करावं, आणि त्यात सिद्दी माणसं असावीत.

दादा पटकन मानला नाही. "लोकांना एवढं कुठे कळतंय?" कळणारा एक जरी निघाला तरी काकूंच्या कामावर शिंतोडा पडेल, हे त्याला सुनेने सांगितलं तेव्हा विषय मिटला. या सगळ्यात सुनेचं व्यापारी डोकं माझ्या तात्त्विक भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडलं, हे कबूल केलंच पाहिजे.

चेहऱ्याचाही प्रश्न आलाच. पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांपैकी कुणाला मॉडेल म्हणून आणावं का? आणायला हरकत काहीच नव्हती, पण फुकट आणि गुहागरपर्यंत, तेही कपड्यावर 'अस्सल' असा शिक्का मारण्यापुरतं, हे मला पटेना. चिपळूणची मुलगी कायम राहिली. मेकअपवाली ताई गालांवर काढायला पांढऱ्या ठिपक्यांचे रंग आणि कुरळ्या केसांचा टोप घेऊन आली होती. दोन्ही पेटीतच राहिले. मुलीची स्वतःची सावळी कांती होती तशी ठेवली, केसांची घट्ट वेणी घातली. ताईचं तोंड थोडा वेळ उतरलं होतं. नंतर उन्हात चमकणाऱ्या कपाळावर पावडर टिपण्यात तिचा दिवस इतका गेला की ठिपके ती विसरली असावी.

उलटा पक्षी

पुण्याहून मॉडेल आणली नाही, पण दादाच्या ओळखीने तिथे शिकणाऱ्या घानाच्या एका विद्यार्थिनीला कपड्यांचे फोटो पाठवले आणि मत विचारलं. मताचे पैसे दिले. या कोलॅबमध्ये रोख पैसे मिळालेली ती पहिली व्यक्ती, आणि ते सर्वांत सत्कारणी लागले.

माझी धास्ती घागऱ्याची होती. पवित्र चिन्ह पायाशी, त्यावर कुणी बसणार. आपल्याकडे असं झालं तर काय होतं ते ठाऊकच आहे. मी तिला तेच विचारलं. ती हसली. आदिंक्रातलं सर्वांत मानाचं चिन्ह 'ग्ये न्यामे', देवाशिवाय कुणी नाही अशा अर्थाचं; ते आमच्याकडे प्लास्टिकच्या खुर्च्यांवरसुद्धा असतं आणि सगळे त्यावर बसतात, म्हणाली. तिची हरकत वेगळीच होती. "तुमचा पक्षी मेलेला आहे." घागरा कमरेकडून खाली धरला तर पक्ष्याचे पाय वर आणि डोकं खाली. काकूंनी पट्टी एका टोकाकडून विणली आणि जोडताना दिशा फिरली. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण आम्हाला तो पक्षी पक्षी म्हणून दिसतच नव्हता, नक्षी म्हणून दिसत होता.

गोल विणलेला घागरा असता तर सगळा उसवावा लागला असता. पट्टी वेगळी होती म्हणून काकूंनी फक्त जोडाचे टाके सोडवले, पट्टी अर्धी फिरवून पुन्हा लावली, काम संध्याकाळच्या चहापर्यंत आटपलं. केंट्याबद्दलही तिने एक सांगितलं: ते लग्नकार्याला, मानाच्या प्रसंगाला काढायचं वस्त्र आहे, फोटोत मुलगी वाळूत लोळताना दाखवू नका. दादाच्या यादीत नेमका तोच फोटो होता. खोडला.

तिथीची पाऊणपट

शूटचा दिवस ठरवायला अ‍ॅप होतंच, पण काकूंच्या यजमानांनी त्याआधीच बोटांवर हिशेब केला. कोकणात भरतीचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीला सूर्य बुडताना पाणी चढलेलं, ओली वाळू उघडी मिळणार नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, सोळाची पाऊणपट बारा. भरती दुपारी बाराला, ओहोटी सहाच्या सुमारास. सूर्य फेब्रुवारीत पावणेसातच्या आगेमागे बुडतो. ओल्या वाळूचा आरसा आणि मावळता उजेड एकत्र हवे तर तोच दिवस. अ‍ॅपनेही थोड्याफार मिनिटांच्या फरकाने तेच सांगितलं.

हा ओल्या वाळूचा उजेड जाकिटासाठी राखला. जाळीच्या क्रोशावर समोरून उजेड पडला की भरलेलं घर आणि मोकळं घर एकाच पातळीवर येतात. सगळं एक पोतं दिसतं. उजेड मागून आला तर मोकळी घरं पेटतात आणि नक्षी उभी राहते. दादाला बोगोलान म्हणजे माती म्हणून हे जाकीट चिरेखाणीत हवं होतं. खाणीत मागे भिंत, म्हणजे मागून उजेड नाही. विषयाला शोभणारी जागा आणि विणीला लागणारा उजेड यांत भांडण झालं तर विणीच्या बाजूने उभं राहावं, असं माझं मत. गुहागरचा किनारा पश्चिमेला तोंड करून सरळ पसरलेला. सूर्य मॉडेलच्या खांद्याआड धरला, चेहऱ्यावर पांढऱ्या चादरीने थोडा उजेड परतवला, बस्स. बनातून चालत येताना मात्र सुरूची बोंडं जाळीत अशी अडकली की एकेक सोडवत दहा मिनिटं गेली आणि सून अक्षरशः रडकुंडीला आली. जाळीचा कपडा असेल तर बदलण्याची जागा मोकळ्या वाळूवर करावी; अंगठी, बांगड्या, मोबाईलचं लटकन सगळं आधी उतरवावं.

चिरेखाण आम्ही केंट्याच्या झग्याला दिली. जांभ्याचा चिरा कापून काढला की मागे राहते ती पायऱ्यांची, सरळ रेघांची, काटकोनांची लाल भिंत, करवतीच्या खुणांसकट. पट्ट्या-चौकटींच्या झग्याला याहून सख्खं काय मिळणार? सुट्टीचा दिवस धरून मालकाची परवानगी काढली. सकाळी सूर्य थोडा वर आला की भिंतीला घासून तिरका उजेड पडतो, त्यात प्रत्येक खांबाची सावली पडते आणि पट्ट्यांचे जोड दोरीसारखे उठून दिसतात. तासाभरात सूर्य वर गेला की हे सगळं संपतं. दोन अडचणी होत्या. लाल भिंती उजेडात लाली मिसळतात. पिवळा दोरा नारिंगी दिसायला लागला, म्हणून दर वेळी राखाडी कार्ड धरून रंग जुळवावा लागला. आणि धूळ. चिऱ्याची लाल धूळ सुती दोऱ्यात शिरली की ओल्या फडक्याने पुसायची नाही, ती आत जाऊन बसते. वाळू द्यायची, झटकायची, मग मऊ ब्रश.

झग्याचं वजन सव्वा किलोच्या वर. सुती दोऱ्याला लोकरीसारखा ताण नसतो. वजनाने ओढला गेला की ओढलेलाच राहतो, त्यात आमच्या हवेतला दमटपणा. सकाळी घोट्यावर असलेली कड दुपारी पावलावर आली. काकूंना हे माहीत होतं. त्यांनी आतून खांद्यापासून कमरेपर्यंत सुती पट्टी आधीच टाचली होती, आणि झगा हँगरला लावू नका, चादरीत सपाट गुंडाळून आणा, असं तीनतीनदा बजावलं होतं. म्हणून खाण सकाळी आणि झगा सर्वांत आधी. जेवणात सोलकढी होती. ती कपडे पेटीत गेल्यावरच पुढ्यात आली.

नाचता येईना

आता कांगा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, झांझिबार, मोम्बासा, दार-एस-सलामकडे बायका हे वस्त्र नेसतात, पांघरतात, पोर पाठीला बांधतात. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा आजचा घाट बसत गेला. चारही बाजूंनी किनार, मध्ये मोठी नक्षी, आणि तिच्या खाली एका ओळीत स्वाहिली म्हण. ती म्हण बोलकी असते. प्रेमाची, आशीर्वादाची, आणि पुष्कळदा टोमण्याची. शेजारणीला तोंडावर बोलता येत नाही ते अंगावर नेसून तिच्या दारावरून जायचं. त्या किनाऱ्याचा आणि आपला संबंध मोसमी वाऱ्यांइतका जुना. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर गलबतं तिकडे जात, नैऋत्य वाऱ्यावर परत येत. कांगाच्या धंद्यात भारतीय व्यापारी होते, आणि कांगा भारतात छापूनही तिकडे गेली आहेत. आमच्या पाच कपड्यांत किनारा-किनाऱ्याचं खरं नातं सांगणारा हा एकच.

काकूंनी किनार विणली होती आणि म्हणीची जागा कोरी सोडली होती. सुनेला तिथे इंटरनेटवरून घेतलेली स्वाहिली ओळ हवी होती. काकू म्हणाल्या, "मला वाचता येत नाही ते मी कशाला विणू?" आणि मग त्यांना आपली तोरणं आठवली. दारावर 'सुस्वागतम्' विणणाऱ्या पिढीतल्या त्या. जाळीत देवनागरी अक्षरं बसवणं त्यांच्या बोटांत होतं. शिरोरेघ सोपी, एक ओळ सलग भरली की झाली. वळणं जिन्यासारखी होतात. जोडाक्षरांना घरं पुरत नाहीत. म्हणून जोडाक्षर नसलेली आणि कांगाला शोभेल इतकी खोचक म्हण शोधायची. सुचवण्या पुष्कळ झाल्या, त्यातल्या काही छापण्याजोग्या नाहीत. शेवटी काकूंनीच ठरवलं: 'नाचता येईना अंगण वाकडे'. कुणाला उद्देशून, ते त्यांनी सांगितलं नाही, पण शेजारच्या आवाराकडे पाहून त्या हसल्या खऱ्या.

याचा फोटो समुद्रावर काढला नाही. काकूंच्याच सारवलेल्या अंगणात, कलत्या उन्हात, मुलीने कांगा पाठीवरून पांघरलेलं, पाठमोरी, म्हण पूर्ण वाचता येईल अशी. दादाने लांबून, जरा मोठी लेन्स लावून काढला, कारण जवळून रुंद लेन्सने अक्षरं कडेला ताणली जात होती. मागे माजघराच्या दारावर काकूंचं जुनं तोरण होतं. ते मुद्दाम लावलेलं नव्हतं, होतंच.

सह्या

कोलॅबमध्ये गोडीगुलाबी असते तोवर कागद कुणाला नको असतो. मी शूटच्या आदल्या रात्री एका पानाचा करार मराठीत लिहून सगळ्यांसमोर वाचला. आधार साधा होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन फोटो काढून घेतले, आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा. पैसे न देता काढले तर मालक फोटोग्राफर. म्हणजे आमच्या 'सगळ्यांनी वापरू' या तोंडी बोलण्यात काकूंच्या हाती कायद्याने काहीच नव्हतं. स्वतःच्या झग्याचा फोटो छापायलाही दादाची परवानगी. शिवाय हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचे धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. काकूंच्या सुनेला परदेशात विकायचं होतं, त्यामुळे हे दोन्ही रकाने भरणं भाग होतं.

ठरलं ते असं. फोटो दादाचे. काकूंना त्यांच्या विक्रीसाठी, जाहिरातीसाठी, जगभर, दहा वर्षं वापरण्याचा हक्क. दादा आणि मॉडेल यांना स्वतःचं काम दाखवायला. फोटो जाईल तिथे मूळ कापडाचं नाव, प्रदेश आणि काकूंचं नाव सोबत जाणार. नुसतं 'आफ्रिकन लुक' कुणी लिहायचं नाही. तिसऱ्या कुणाला फोटो द्यायचा तर काकू, दादा आणि मॉडेल तिघांच्या सह्या. कांती उजळ किंवा गडद करायची नाही, हेही मुलीच्या सांगण्यावरून घातलं. मुलीला फुकट उभं करणं मला मान्य नव्हतं. तिचा येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाचं मानधन सुनेने दिलं. दादाने वाचून म्हटलं, "एवढा कागद तर मी पुण्यात पैसे घेऊनही करत नाही." सही मात्र केली, आणि दाभोळ-धोपावेची फेरीबोट चुकू नये म्हणून परतीच्या दिवशी घाईत निघताना स्वतःची प्रत आठवणीने मागून घेतली.

फोटो टाकून आता काही महिने झाले. केंट्याचा झगा सगळ्यांनी वाखाणला, घेतला कुणी नाही. त्याच्या मेहनतीची किंमत सांगितली की बोलणं थांबतं. काकूंनी त्याच पट्ट्या सुट्या विणून गळ्यातले स्टोल म्हणून ठेवले, ते जातात. जाकिटं दोन गेली. मागणी आहे ती कांगाच्या किनारीला. प्रत्येकीला स्वतःची म्हण हवी आहे, आणि काकू जोडाक्षरांचा वेगळा दर लावतात.

गावाजवळच्या एका रिसॉर्टला मावळतीचा जाकिटाचा फोटो त्यांच्या रस्त्यावरच्या फलकासाठी हवा आहे. दादा तयार आहे, काकूंची हरकत नाही. मॉडेलने मानधनाचा आकडा कळवला आहे आणि फलकावर बोगोलान व माली हे शब्द वाचता येतील एवढे मोठे असावेत अशी अट घातली आहे. रिसॉर्टकडून अजून उत्तर आलेलं नाही.